मानधन कीं मानखंडना?

पुण्यांत त्यागाचा गौरव झाला नाहीं असा पारितोषिक-समारंभ विरळा. १८८० मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज निघालें, आणि मासिक ७५ रुपयांवर उमेदीचीं वर्षें वेंचणारी प्राध्यापकांची एक पिढीच या शहरानें पाहिली, ही कथा अध्यक्ष महाशय गळ्यांत हार पडतांच सांगूं लागतात. कथा खरी आहे. १८९९ मध्यें केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत अग्रस्थान मिळविणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या असतां, याच संस्थेंत येऊन राहिले, यांत कोणतीहि अतिशयोक्ति नाहीं. आमची तक्रार कथेविषयीं नाहीं. तिच्या सध्यांच्या उपयोगाविषयीं आहे. महाविद्यालयांत तासाच्या बोलीनें शिकविणारा एखादा तरुण, आपणांस कित्येक महिने पैसे मिळाले नाहींत, असें धीर करून म्हणतो, तेव्हां त्याचें तोंड बंद करण्यास आगरकर-गोखल्यांचीं नांवें काढलीं जातात. थोरांच्या पुण्याईचा याहून हलका व्यापार आम्हांस ठाऊक नाहीं.

ज्या व्यवस्थेस सरकारी भाषेंत ‘तासिका तत्त्व’ म्हणतात तिचें स्वरूप घरोघरच्या वाचकांस बहुधा माहीत नसतें, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. प्राध्यापक निवृत्त होतो. त्याची जागा रिकामी राहते. विषय मात्र शिकवावाच लागतो. मग त्या जागेचे तास दोघांतिघांत वांटून दिले जातात आणि प्रत्येकास शिकविलेल्या तासापुरते पैसे मिळतात. पात्रता मात्र कायम प्राध्यापकाचीच लागते: पदव्युत्तर पदवी, त्यावर राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा, किंवा विद्यावाचस्पति ही पदवी. महाराष्ट्र व गोवा यांच्यासाठीं ही राज्य पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतें, आणि उच्च शिक्षण संचालकांची कचेरीहि याच शहरांत आहे. म्हणजे पात्रतेचा दाखला पुण्यांत मिळतो आणि ‘जागा नाहीं’ हें उत्तरहि पुण्यांतच मिळतें! या व्यवस्थेंत तास आहे हें आम्हांस मान्य. तत्त्व कोणतें, तें मात्र अद्यापि कोणी दाखवून दिलेलें नाहीं.

तासाचे पैसे म्हणजे काय, हें पंचांग घेऊन पाहावें. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यांत येतात, रस्ते बंद होतात, महाविद्यालयास सुट्टी मिळते. कायम प्राध्यापक दर्शनास जातो, तासिकेवाल्याचा तास बुडतो. गणपति बसतात, तास बुडतो. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा काळ, उन्हाळा, सर्वत्र तोच हिशेब. सारें गांव ज्या दिवशीं आनंद करतें त्या दिवशीं ज्याचें उत्पन्न घटतें असा शिक्षक आम्हीं निर्माण केला आहे. शिवाय तासाची तयारी, वह्या तपासणें, मागें राहिलेल्या मुलास वर्गाबाहेर दोन शब्द सांगणें, हीं शिक्षणाचीं खरीं कामें घड्याळांत बसत नाहींत, म्हणून हिशेबांतहि बसत नाहींत. एका महाविद्यालयाच्या तासांवर संसार चालत नाहीं. म्हणून हा मनुष्य सकाळीं कर्वे रस्त्यावर, दुपारीं हडपसरला आणि सायंकाळीं पिंपरीस शिकवितो, आणि त्याची खरी प्राध्यापकांची खोली म्हणजे शहर-बसचा थांबा होय.

यास ‘मानधन’ म्हणतात. हा शब्द मूळचा मोठा सुरेख आहे. कीर्तनकारास, पाहुण्या व्याख्यात्यास, म्हणजे ज्याचा चरितार्थ दुसरीकडे चालला आहे आणि जो आमच्यावर उपकार म्हणून आला आहे, त्यास द्यावयाचें तें मानधन. ज्याची चूल त्याच पैशावर पेटावयाची त्यास दिलें जातें तें वेतन. वेतनास नियम असतात, तारीख असते, रजा असते, दाद मागण्याची सोय असते. मानधनास यांतलें कांहींहि नसतें. वेतनाला मानधन हें नांव दिल्यानें शिक्षकाचा मान वाढला नाहीं. देणाऱ्याची जबाबदारी तेवढी टळली.

आतां त्यागाच्या दाखल्याकडे वळूं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सभासद वीस वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा करी. पण त्या प्रतिज्ञेला दुसरी बाजूहि होती. तो वीस वर्षें संस्थेचा, तशी संस्थाहि वीस वर्षें त्याची. त्याच्या कुटुंबासाठीं आयुष्याच्या विम्याची तरतूद होती. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, संस्थेचा कारभार तोच पाहत असे. आपला पगार किती असावा हें ठरविणाऱ्या बैठकींत तो स्वतः बसे व मत देई. स्थैर्य, तरतूद आणि सत्ता हीं तीन हातीं असतां त्यानें पैसा सोडला, म्हणून तो त्याग झाला. तासिकेवाल्यापाशीं या तिहींपैकीं एकहि नाहीं. जूनमध्यें नेमणूक झाली तर एप्रिलमध्यें ती संपते. पुढच्या वर्षीं पुन्हां अर्ज, पुन्हां मुलाखत. ज्याच्या हातांत कांहीं नाहीं त्याच्यापासून जें घेतलें जातें त्यास त्याग म्हणत नाहींत, खंडणी म्हणतात.

शिवाय पूर्वसूरींनीं पैशाचा विषय कधीं काढलाच नाहीं, हा समजहि खोटा आहे. वेतनवाढ द्यावी कीं न द्यावी, आणि बाहेरच्या कामाची मिळकत सभासदानें स्वतः ठेवावी कीं संस्थेंत भरावी, या प्रश्नांवर याच संस्थेंत कडाक्याचे वाद झाले. आगरकरांनीं संसाराची गरज सांगितली, टिळकांनीं तत्त्वाचा आग्रह धरला, आणि अखेर १८९० मध्यें टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. त्या वादांत कोण चुकलें हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु दोन्ही पक्ष आपल्या घरांत, मालकाच्या नात्यानें भांडत होते, आणि पगाराविषयीं बोलणें हें हलकेपणाचें आहे असें त्यांपैकीं कोणासहि वाटलें नाहीं. मग तें आजच्या तरुणासच हलकेपणाचें कां व्हावें?

दुसरा आक्षेप तिजोरीचा. पैसा नाहीं, असें आम्हांस सांगण्यांत येतें. पण नियम करणारांस हें ठाऊक नव्हतें काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत असें लिहिलें आहे कीं, करारावरील नेमणुका अगदीं निरुपाय झाला तरच कराव्या, त्या एकूण पदांच्या शेंकडा १० हून अधिक नसाव्या, आणि करारावरील शिक्षकाचें वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावें. सातव्या वेतन आयोगाप्रमाणें त्या नियमित प्राध्यापकाचें आरंभींचें मूळ वेतन ५७,७०० रुपये. पाहुण्या व्याख्यात्यास सुद्धां दर तासास १,५०० व महिन्यास फार तर ५०,००० रुपये द्यावे, असें आयोगानेंच २०१९ मध्यें सुचविलें. महाराष्ट्रांतील तासिकेचे दर त्यापासून दूरच राहिले. येथें एक चतुर युक्ति केली जाते: हा शिक्षक ‘करारावरील’ नसून ‘तासावरील’ आहे, म्हणून करारावरील शिक्षकाचे नियम त्यास लागू नाहींत, असें म्हणावयाचें. नांव बदललें कीं कर्तव्य चुकलें! ऑगस्ट २०२५ मध्यें गुजरातेंतील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या करारावरील प्राध्यापकांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस नियमित श्रेणीचें किमान वेतन देण्याचा हुकूम केला, आणि समारंभांतून गुरुस्तुतीचे श्लोक म्हणावयाचे व गुरूस पोटापुरतेंहि द्यावयाचें नाहीं या विसंगतीवर स्पष्ट बोट ठेवलें. जें न्यायाधीशांस दिसलें तें आमच्या अध्यक्ष महाशयांस कां दिसूं नये?

तिसरा आक्षेप विद्वत्तेचा आव आणून येतो. नोकरी कायम झाली कीं प्राध्यापक सुस्तावतो, असें म्हणतात, आणि त्यास अ‍ॅडम स्मिथचा आधार देतात. १७७६ च्या आपल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथांत त्यानें ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांच्या आळसाचे वाभाडे काढले आहेत, हें खरें. पण पुस्तक पुढेंहि वाचावें लागतें. जो शिक्षक बाहेरच्या वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून राहतो तो आपला बचाव गुणांनीं न करतां आर्जवानें करूं लागतो, असेंहि स्मिथनें तेथेंच बजाविलें आहे. त्याला शिक्षक विद्यार्थ्यांच्या पसंतीवर अवलंबून हवा होता, व्यवस्थापकाच्या भुंवईवर नव्हे. १७६४ मध्यें वर्ष अर्ध्यावर असतां ग्लासगो सोडावें लागलें, तेव्हां त्यानें विद्यार्थ्यांची फी आग्रहानें परत केली. आमच्याकडे वर्ष अर्ध्यावर शिक्षक जातो, फी मात्र कोणी परत केल्याचें ऐकिवांत नाहीं.

ही गोष्ट केवळ प्राध्यापकांची नाहीं. प्रयोगशाळेंतील परिचर, ग्रंथालयांतील लिपिक, फाटकावरचा पहारेकरी, झाडलोट करणारी बाई, यांच्या जागाहि हळूहळू ठेकेदाराकडे जात आहेत. दहा वर्षें एकाच फाटकावर उभा राहिलेला मनुष्य कागदोपत्रीं त्या विद्यापीठाचा कोणीच नसतो. अशा वेळीं कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचीं परिपत्रकें मोठ्या थाटानें निघतात. योगासनांचा वर्ग, मनावरील ताण कमी करण्याची कार्यशाळा, आरोग्य-तपासणी! ताण नाहींसा करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पगार पहिल्या तारखेस देणें हा होय; त्यास कार्यशाळा लागत नाहीं. १९८५ मध्यें केंद्र सरकारनें शिक्षणखात्याचें नांव बदलून मानव संसाधन विकास मंत्रालय केलें, आणि २०२० मध्यें तें पुन्हां शिक्षण मंत्रालय झालें. पाटी बदलली, पण पस्तीस वर्षें माणसास लोखंड-कोळशाप्रमाणें ‘संसाधन’ म्हणण्याची जी संवय लागली ती पाटीबरोबर उतरली नाहीं.

आम्ही स्वतः पूर्ण वेतन घेणाऱ्यांपैकीं आहों. या लेखांत आमचा लाभ नाहीं. म्हणूनच आमच्या बरोबरीच्या मंडळींस स्पष्ट सांगतों कीं, आपलें वेतन वाढावें म्हणून ज्या एकजुटीनें आपण लढतों तिचा चतुर्थांशहि शेजारच्या खुर्चीवरील तासिकेवाल्यासाठीं दिसत नाहीं. विभागाच्या बैठकींत त्यास बोलावीत नाहींत, अहवालांत मात्र त्याचें काम मोजतात.

आतां शेवटचा शब्द वाचकांशीं, म्हणजे ज्यांचीं मुलें या महाविद्यालयांतून शिकतात त्या कुटुंबांशीं. मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण पहिला प्रश्न विचारतों, ‘नोकरी कायम आहे ना?’ तासिकेवर शिकविणाऱ्या मुलास या एका प्रश्नावर किती घरांतून नकार येतो हें मध्यस्थांस विचारावें. जांवई म्हणून जो मनुष्य आपणांस भरंवशाचा वाटत नाहीं त्याच्याच हातीं आपण मुलीचें शिक्षण बिनघोर सोंपवितों! दोष त्याच्या विद्येंत नाहीं; ज्यानें त्यास असें टांगून ठेवलें त्याच्यांत आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलीस पहिल्या वर्षींचा शिक्षक भेटत नाहीं, शिफारसपत्र मागावयास गेली तर तो कोठें गेला हें कोणास सांगतां येत नाहीं. नुकसान तिचेंहि आहे.

आमच्या मागण्या फार नाहींत. प्रत्येक महाविद्यालयानें कोणतें पद केव्हांपासून रिकामें आहे याची यादी दरवर्षीं दर्शनी फलकावर लावावी. जें पद भरतां येत नाहीं त्यावरील नेमणूक निदान पूर्ण बारा महिन्यांची असावी. पैसे मासिक वेतन म्हणून, ठरल्या तारखेस द्यावे. नेमणुकीचें पत्र व अनुभवाचा दाखला मागण्याची पाळी येऊं देऊं नये. ठेकेदाराच्या माणसांसहि हाच न्याय लावावा. आणि सरकार ऐकत नसेल तर पालकांनीं एक करावें. प्रवेशाच्या वेळीं इमारत, वसतिगृह व फी यांची चौकशी करतों तशीच, या विषयाला कायम शिक्षक किती व तासावरचे किती, हें कचेरींत विचारावें, आणि उत्तर लेखी मागावें. एका घरानें विचारलें तर लिपिक हंसेल; शंभर घरांनीं विचारलें तर तोच कागद प्राचार्यांच्या टेबलावर जाईल, आणि तेथून संचालकांच्या कचेरीपर्यंतचें अंतर फारसें नाहीं.