पोरगा मुलाखतीत गप्प का बसतो?



खेड-मावळ भागात हिंडताना पिकावरच्या रोगाइतकीच एक तक्रार हल्ली वरचेवर कानी येते. पोरगा आयटीआय झाला, चाकणच्या कंपनीत मुलाखतीला गेला, साहेबाने ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटले, आणि नाव-गाव सांगून गडी जो गप्प झाला तो झालाच. आई म्हणते, घरात तर याची टकळी दिवसभर चालू असते!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-आकुर्डीकडची शिवारे बघता बघता कारखान्यांखाली गेली. पुढे १९९० नंतर हीच लाट नाशिक रस्त्याने चाकणला पोचली. ज्या घराचा सातबारा असा आखडला, त्या घरच्या पोराला नोकरी हीच जमीन. ती चार शब्दांवाचून हातची जावी, याची हळहळ वाटते.

पुष्कळजण म्हणतात, इंग्रजी येत नाही म्हणून असे होते. मला हे पटत नाही. पोरगा मराठीतही गप्पच बसलेला असतो. आपणच त्याला तसा वाढवला आहे. ‘मोठी माणसे बोलताहेत, तू मध्ये तोंड घालू नको,’ हे त्याने लहानपणापासून ऐकले. आणि बाजारात काय पाहिले? बापाच्या डोळ्यांदेखत मालाचा लिलाव होतो, बाप बाजूला उभा. हातात पट्टी पडते, ती न वाचताच घडी घालून खिशात जाते. पोराने हेच गिरवले, तर नवल काय?

माणसे बोलती कशी होतात, हे चाकणने एकदा पाहिलेले आहे. भारतीय टपाल सेवेत आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या जागतिक टपाल संघात अधिकारी असलेले शरद जोशी ती नोकरी सोडून आले आणि १९७७च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. १९७८ साली कांदा मातीमोल झाला, १९८० साली पुन्हा तेच. चाकणची आंदोलने त्यातून झाली आणि मधे १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. मी सरकारी पगारावर आयुष्य काढलेला माणूस, आंदोलनाच्या बऱ्यावाईटात शिरत नाही. मला त्यातली रीत घेण्यासारखी वाटते. भाषण कसे ठोकावे याच्या आधी तिथे हिशोब होता. बियाणे किती, खत किती, मजुरी किती, घरच्या माणसांनी राबले त्याचे किती, गोणी आणि भाडे किती, म्हणजे क्विंटलला खर्च आला किती? हा आकडा हाती आला, की कचेरीत टोपी काढून उभा राहणारा माणूस सभेत उठून बोलू लागतो. जानेवारी १९८० मध्ये भामनेर खोऱ्यातली माणसे वांद्र्यापासून चाकणपर्यंत पक्क्या रस्त्यासाठी चालत आली, ती आपला रस्ता मागायला. दुसऱ्याने लिहून दिलेले बोलायला ती आली नव्हती. हेच वारे पुढे बायकांपर्यंत गेले. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, त्याला लाखावर बाया जमल्या होत्या. त्यांतल्या कितीजणींनी त्याआधी चारचौघांत तोंड उघडले असेल?

आता हीच रीत मुलाखतीला लावून पाहा. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हणजे पाठ केलेले चऱ्हाट नव्हे. पोराने घरी केलेले एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावे. उदाहरणार्थ: ‘विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणत होती, उचलत नव्हती. मी लगेच स्टार्टर बंद केला. पाहिले तर तीनपैकी एक फेज नव्हता. तशीच चालू ठेवली असती तर मोटर जळाली असती. डीपीला मी हात लावला नाही, वायरमनला बोलावले.’ एवढी पाच-सहा वाक्ये. कारखान्याच्या माणसाला यात काय दिसते? पोराला यंत्र कळते, घाबरत नाही आणि नको तिथे हात घालत नाही. हे मराठीत नीट सांगता आले, की मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला आठ दिवस पुरतात. एखादा प्रश्न कळला नाही तर ‘साहेब, पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही, हेही त्याला सांगून ठेवा. आमची पोरे न कळता मान डोलावतात आणि तिथेच फसतात.

सराव मात्र घरी हवा, आणि तो मुलाखतीच्या आदल्या रात्री होत नाही. बाजारातून आल्यावर पट्टी पोराच्या, पोरीच्या हातात द्या. मोठ्याने वाचू द्या: वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. २०१६ पासून राज्यात कांदा-बटाटा आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असा नियम आहे. पट्टीत ती कापलेली दिसली तर पुढच्या खेपेला पोराला बरोबर न्या आणि विचारू द्या, ‘ही कशाची रक्कम?’ तुम्ही शेजारी उभे राहा, पण बोलू नका. हे बापाला जड जाते, मी पाहिलेले आहे.

मुलींचे तर आपण नावच घेत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदा आहे. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती होते. आमच्या शेतीशाळेत तेच दिसते: ‘काही शंका?’ म्हटले की बायका एकमेकींकडे बघतात, आणि गाडीत बसायला निघालो की दोघी-तिघी मागून येऊन नेमका कामाचा प्रश्न विचारतात. मग मी परत फिरतो, सगळ्यांना बसवतो आणि तिलाच तो पुन्हा विचारायला लावतो. पहिल्यांदा आवाज कापतो. दुसऱ्या सभेला तीच बाई पुढच्या रांगेत बसलेली असते. १ मे आणि १५ ऑगस्टला गावात ग्रामसभा असते. त्याआधीच्या महिला सभेला आईने जाताना लेकीला बरोबर न्यावे आणि नळाच्या पाण्याचा का होईना, एक प्रश्न घरून ठरवून न्यावा.