चौकात डोळा, चौकीत अंधार!

आमच्या सुशिक्षित नागरिकाने सांप्रत दोन वाक्ये पाठ करून ठेविली आहेत. पहिले, ‘आपण काही चोर नाही, मग कॅमेऱ्याला भ्यायचे कशाला?’ दुसरे, ‘सगळे पक्ष एकाच माळेचे मणी, कोणीही आले तरी पोलीस तेच आणि लाठीही तीच!’ पहिल्या वाक्याने तो निर्धास्त होतो, दुसऱ्याने निष्क्रिय होतो आणि दोहोंच्या आधारावर रात्री त्याला उत्तम झोप लागते. या विटलेल्या नागरिकाचा आम्ही उपहास करू इच्छीत नाही. त्याचा संशय बव्हंशी खराच आहे. परंतु त्या संशयातून त्याने काढलेले अनुमान साफ चुकलेले आहे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगणे आम्हांस भाग आहे.

प्रथम कॅमेऱ्याचे पाहू. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘स्मार्ट सिटी’ म्हणून जी पहिली वीस शहरे निवडली, त्यांत बेळगावचेही नाव होते. तेव्हापासून शहाणपण म्हणजे खांब आणि खांब म्हणजे कॅमेरा, असे समीकरण देशभर रूढ झाले आहे. तिकडे हैदराबादेत बंजारा हिल्सवर ऑगस्ट २०२२ मध्ये पोलिसांच्या नियंत्रण केंद्राच्या टोलेजंग इमारतीचे थाटात उद्‌घाटन झाले. त्याच हैदराबादेत मे २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, एका सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात अडविले, तोंडावरची पट्टी काढावयास सांगितले आणि त्याने नकार दिला तरी त्याचे छायाचित्र टिपले, अशी त्याची तक्रार आहे. हे कोणत्या कायद्याने केले, एवढा साधा प्रश्न विचारण्यासाठी त्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली! जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली.

चेहरा ओळखणारे हे यंत्र तरी किती शहाणे आहे? दिल्ली पोलिसांनी ते घेतले हरवलेली मुले शोधण्याच्या नावाखाली. २०१८ मध्ये त्यांनीच दिल्लीच्या उच्च न्यायालयात कबूल केले, की या यंत्राची अचूकता अवघी दोन टक्के आहे. पुढच्याच वर्षी ती एक टक्क्याच्याही खाली घसरली. मुलगा आणि मुलगी यांतील फरकही यंत्राला उमगेना! हरवलेले पोर आईला मिळवून देण्याच्या कामी जी विद्या इतकी तोकडी पडली, तीच २०२० च्या दंगलीनंतर एकाएकी सर्वज्ञ झाली. अकराशेंहून अधिक माणसे आम्ही चेहऱ्यांवरून ओळखली, असे गृहमंत्र्यांनी मार्च २०२० मध्ये लोकसभेत सांगितले. ऐंशी टक्के साम्य दिसले की ओळख पटली असे आम्ही मानतो, असे उत्तर दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात दिले. उरलेल्या वीस टक्क्यांत ज्याचे नशीब सापडेल, त्याने आपले निरपराधित्व कोठडीत बसून सिद्ध करावे!

आता हाच डोळा चौकातून चौकीकडे वळवा. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली, की देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत, व्हरांड्यापासून अधिकाऱ्यांच्या खोलीपर्यंत कॅमेरे लावावेत. ते रात्रीच्या अंधारातही टिपणारे असावेत, चित्राबरोबर आवाजही घेणारे असावेत आणि त्यांतील नोंद अठरा महिने जपून ठेवावी. कॅमेरा चालू राहील याची जबाबदारी थेट ठाण्याच्या प्रमुखावर टाकण्यात आली. आज्ञा इतकी नि:संदिग्ध होती, की तिच्यातून पळवाट काढणे वकिलालाही कठीण जावे. आणि झाले काय? सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाला स्वत: होऊन या प्रकरणाची पुन्हा दखल घ्यावी लागली, कारण राजस्थानात सात-आठ महिन्यांत अकरा माणसे पोलिसांच्या कोठडीत मेल्याचे वृत्त वर्तमानपत्रात झळकले होते. भाजीबाजारातला कॅमेरा रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून जागा. ठाण्यातल्या कॅमेऱ्याला मात्र नेमक्या वेळी ग्लानी येते! दिव्याखाली अंधार असतो हे आम्ही ऐकून होतो. येथे तर अंधार पडावा म्हणूनच दिवा विझविलेला आहे.

हे राजस्थानात घडते, आपल्याकडे नाही, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. बेळगावहून सावंतवाडीला जाताना ज्या आंबोली घाटात आमचे वाचक धबधबा पाहावयास थांबतात, त्याच घाटात नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीच्या कोठडीतील एका तरुणाचे प्रेत जाळण्यात आले. तो पळून गेला, असे पोलिसांनी आधी सांगितले होते. कोठडीतील मारहाणीत त्याचा जीव गेला आणि पुरावा नाहीसा करण्यासाठी प्रेत घाटात नेण्यात आले, या आरोपावरून पुढे पोलिसांनाच अटक झाली. त्या तरुणावर लुटीचा संशय होता. असेल! लुटीची शिक्षा न्यायालयाने द्यावयाची असते. ती घाटात, काळोखात, पेट्रोल ओतून द्यावयाची नसते. ‘आपण चोर नाही’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने येथे क्षणभर थांबून विचार करावा. आपण चोर की साव, हे ठरण्याआधीच त्या खोलीत सर्व काही उरकून जाते.

कायद्याची दिशाही तीच. इंग्रजाचा १९२० चा कायदा बोटांचे नि पावलांचे ठसे आणि छायाचित्र यांवर भागवीत असे. स्वराज्यातील २०२२ च्या कायद्याने त्यांत बुबुळ आले, दृष्टिपटल आले, रक्त-थुंकीचे नमुने आले, सहीचे वळणही आले. आणि हा सारा ऐवज पंचाहत्तर वर्षे सरकारदप्तरी राहावयाचा आहे. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करावी, असे कलम आहे खरे, पण न्यायालय वा दंडाधिकारी तेथेही निराळा हुकूम देऊ शकतात. शांतता राखण्याचा जामीन ज्याला लिहून द्यावा लागतो, तोही या कायद्याच्या जाळ्यातून सुटलेला नाही. हा जामीन काय असतो, हे सीमाभागातील कार्यकर्त्याला आम्ही शिकवावयास नको. पूर्वी मोर्चाच्या आदल्या दिवशी एक सही करून माणूस घरी जेवावयास येत असे. आता त्याच्या डोळ्याच्या बुबुळाची नोंद त्याच्या नातवंडांच्या काळापर्यंत जिवंत राहू शकते.

आणि राजकारण? ऑगस्ट १९८८ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणात कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. हेगडे कोणी संत नव्हते. पण बोभाटा झाल्यावर खुर्ची सोडावी लागते, एवढी लोकलाज तरी तेव्हा शिल्लक होती. जुलै २०२१ मध्ये पेगॅसस नावाच्या इस्रायली हेरयंत्राचे प्रकरण बाहेर आले. न्यायालयाने समिती नेमली. तिने एकोणतीस फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, मात्र ते पेगॅससच होते असे ठरले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. कोणी गेले? कोणीही नाही! तेव्हा सगळे एकाच माळेचे मणी म्हणणाऱ्या नागरिकाला आम्ही खोटे कसे पाडावे?

खोटे पाडतो ते येथे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील चार ओळींपायी अटक झाली. ज्या ६६-अ कलमाखाली असल्या अटका होत, ते कलम कोणत्याही पक्षाने मागे घेतले नाही. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या श्रेया सिंघल या तरुणीने त्याविरुद्ध अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी ते मोडीत निघाले. (मोडीत निघालेल्या कलमाखाली पोलीस पुढेही गुन्हे नोंदवीतच राहिले, ही गोष्ट निराळी. २०२१ मध्ये ते ऐकून सर्वोच्च न्यायालय थक्क झाले. आम्ही झालो नाही.) खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा नऊ न्यायमूर्तींचा निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये लागला, तो के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी ‘आधार’विरुद्ध दावा गुदरला तेव्हा त्यांचे वय शहाऐंशी होते. ज्या राज्याशी आमचे भांडण आहे, त्याच राज्याचा हा वृद्ध न्यायाधीश. त्यांचे ऋण मान्य करताना आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाही. शहाऐंशीव्या वर्षी माणूस कोर्टात उभा राहतो आणि चाळिशीतला पदवीधर चहाच्या टेबलावर म्हणतो, काही उपयोग नाही!

उपयोग आहे की नाही, ते आपल्याच गावी पारखून पाहता येईल. २०२० च्या त्याच आज्ञेने प्रत्येक जिल्ह्यात एक देखरेख समिती नेमावयास सांगितले आहे. तीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर लोकनियुक्त प्रतिनिधीही आहे. शहरात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा पंचायतीचा प्रमुख. येथे कॅमेरे आहेत आणि आपणांस तक्रारीचा हक्क आहे, असे सांगणारा मोठा फलक प्रत्येक ठाण्याच्या दारात इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत लावावा, असेही तीत म्हटले आहे. स्थानिक भाषा कोणती, हा वाद आम्हांस नवा नाही; पण आधी फलक तरी आहे काय? आपल्या ठाण्यात कॅमेरे किती, त्यांतील चालू किती, आवाजाची नोंद होते काय, कितव्या महिन्यापर्यंतची नोंद शिल्लक आहे आणि समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेस भरली, हे पाच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावयास दहा रुपये लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी, जेथे जेथे आमचा वाचक आहे, तेथील एकाने तरी या आठवड्यात हा अर्ज आपल्या ठाण्यापुरता टाकावा आणि त्याची प्रत आमच्याकडे धाडावी. उत्तर देण्यास कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. येईल ते उत्तर ठाण्याच्या नावानिशी आम्ही याच पानावर छापू, आणि जेथून उत्तर येणार नाही त्या ठाण्याचे नावही छापू.