दिलेल्या भाकरीची वसुली

ब्रिटनमधील टॅक्स क्रेडिटची योजना ५ एप्रिल २०२५ रोजी कायमची बंद झाली. एप्रिल २००३ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्या पुढाकाराने ती सुरू केली, तेव्हा तिच्यामागील हेतू निःसंशय चांगला होता. राबूनही ज्यांचे भागत नाही अशा कुटुंबांना आणि त्यांच्या मुलांना सरकारी तिजोरीतून साहाय्य मिळावे, आणि ते दान म्हणून नव्हे तर करव्यवस्थेचाच एक भाग म्हणून मिळावे, अशी ती कल्पना होती. बावीस वर्षांनी योजना संपली. तिने निर्माण केलेली कर्जे मात्र संपली नाहीत. ज्या कुटुंबांना पूर्वी कधी हक्कापेक्षा जास्त रक्कम दिली गेली, त्यांची ती थकबाकी 'युनिव्हर्सल क्रेडिट' या नव्या साहाय्यातून कापून घेतली जाते. योजना मरते, वसुली मरत नाही.

हे कर्ज कसे जन्मास येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आदल्या वर्षीच्या उत्पन्नावरून चालू वर्षाचे साहाय्य अंदाजाने ठरवावयाचे, ते हप्त्याहप्त्याने द्यावयाचे, आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष उत्पन्नाशी त्याचा ताळा घालावयाचा, अशी ही रीत होती. ज्याचा पगार वर्षानुवर्षे ठरलेला असतो त्याला या रीतीचा जाच नाही. परंतु तशा माणसाला साहाय्याची गरजही फारशी नसते. ज्याला ती असते, त्याचे उत्पन्न कधी जादा पाळीने वाढते, कधी काम सुटल्याने घटते. पती-पत्नी विभक्त होतात, मूल शाळा सोडते. यातला प्रत्येक बदल कळवावयाचा, महत्त्वाचे बदल एका महिन्याच्या आत कळवावयाचे, आणि तरीही वर्षअखेरीस हिशेब जुळेलच याची खात्री नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. एका कुटुंबाचे उत्पन्न बारा हजार पौंडांवरून सोळा हजारांवर गेले. २०१६ नंतरच्या नियमानुसार वाढीतील पहिले अडीच हजार पौंड हिशेबात धरले जात नसत. उरलेल्या दीड हजारांवर पौंडामागे ४१ पेन्स या दराने साहाय्य घटे. बदल वेळेवर कळवला गेला नाही, किंवा कळवूनही त्याची नोंद झाली नाही, तर वर्षअखेरीस ६१५ पौंडांचे देणे त्या कुटुंबाच्या नावावर चढे. शिवाय नव्या वर्षाचे हप्ते जुन्याच दराने सुरू राहिले, तर त्यांचीही भर पडे. आता हेच कुटुंब २००६ ते २०११ या काळात आहे असे समजावे. तेव्हा पंचवीस हजार पौंडांपर्यंतची वाढ त्या वर्षापुरती हिशेबाबाहेर ठेवलेली होती. त्यामुळे तेच श्रम, तीच वाढ, तोच प्रामाणिकपणा. आणि देणे शून्य. कर्ज कुटुंबाच्या वर्तनाने निर्माण होत नव्हते, ते नियमाने निर्माण केले जात होते. या सर्व प्रकरणाचे मर्म एवढेच आहे.

पंचवीस हजारांची ही सूट सरकारने उदार होऊन दिलेली नव्हती. योजनेच्या पहिल्याच वर्षी, २००३-०४ मध्ये, सुमारे एक तृतीयांश लाभार्थी कुटुंबांना अतिप्रदान झाले आणि त्याची रक्कम दोन अब्ज पौंडांच्या घरात गेली. संगणक यंत्रणाही कोलमडली. त्या कुटुंबांनी पैसे कोठे दडवून ठेवलेले नव्हते. ते किराण्यात, घरभाड्यात, मुलांच्या बुटांत केव्हाच खर्च झाले होते. संसदेच्या लोकपाल ॲन अब्राहम यांनी जून २००५ च्या अहवालात लोकांचे म्हणणे न ऐकता आपोआप होणाऱ्या कपातीवर ताशेरे ओढले. तेव्हा कोठे सूट अडीच हजारांवरून पंचवीस हजारांवर गेली. पुढे हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने काटकसरीच्या नावाखाली ती २०११ मध्ये दहा हजार, २०१३ मध्ये पाच हजार आणि २०१६ मध्ये पुन्हा अडीच हजारांवर आणली. श्रीमंतांवर नवा कर बसवावयाचा तर संसदेत रणे माजतात. गरिबांवर मात्र असा एक आकडा बदलून कर बसवता येतो आणि त्याला कोणी कर म्हणत नाही.

या व्यवस्थेतील दुसरा अन्याय न्यायमार्गासंबंधीचा होता. हक्काची रक्कम चुकीची ठरवली गेली, तर न्यायाधिकरणाकडे अपील करता येई. पण वसुली करावी की नाही या निर्णयावर अपिलाचा अधिकार नव्हता. ज्या खात्याने चूक केली त्याच्याकडेच दाद मागावयाची. परिणामी अनेक घरांत साहाय्य म्हणजे डोक्यावरची टांगती तलवार झाली. जादा पाळी घ्यावी की न घ्यावी, मिळालेली रक्कम खर्चावी की भीतीपोटी बाजूला ठेवावी, अशा विवंचनेत कुटुंबे सापडली. मनःस्वास्थ्य देण्यासाठी काढलेल्या योजनेने तेच हिरावून घेतले.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये वर्षाऐवजी महिन्याचा हिशेब आला, म्हणून प्रश्न सुटला असे नाही. सुटीमुळे एकाच हिशेबमहिन्यात दोन पगार जमा झाले की साहाय्य एकदम घटे. चार एकट्या मातांनी न्यायालयात दाद मागितली, आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने हा हट्ट असमर्थनीय ठरवला, तेव्हा नियम बदलला. ऑस्ट्रेलियात वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत सारखे वाटून यंत्राने लाखो लोकांवर देणी लादली. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली आणि सरकारला पैसे परत करावे लागले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन-भत्त्याच्या निर्दय वसुलीने हजारो कुटुंबे उद्ध्वस्त झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळालाच राजीनामा द्यावा लागला. तीन देश, तीन यंत्रणा. पण गृहीतक एकच. राज्याचा हिशेब चुकला तरी भुर्दंड दुबळ्याने सोसावयाचा.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारार्ह आहे. सार्वजनिक पैसा हा सर्वांचा आहे. जास्त गेलेला परत का घेऊ नये? याचे उत्तर असे की लबाडी आणि चूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याकडून वसुली जरूर व्हावी. परंतु ज्याने सद्भावनेने पैसे घेतले आणि पोटासाठी खर्चले, त्याच्याकडून ते वर्षांनंतर मागणे म्हणजे अनिश्चित उत्पन्नाचा सारा धोका, तो पेलण्यास सर्वांत असमर्थ असलेल्यावर टाकणे होय.

हे तत्त्व भारताला अपरिचित नाही. पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले, की वर्ग तीन व वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांना चुकीने दिले गेलेले जादा वेतन वसूल करता येणार नाही. मग जे संरक्षण कार्यालयातील शिपायाला आहे ते शेतमजूर स्त्रीला का नसावे? पंतप्रधान किसान सन्मान योजनेत प्राप्तिकर भरणारे कुटुंब अपात्र ठरते. त्या कारणास्तव महाराष्ट्रातही महसूल यंत्रणेमार्फत वसुलीच्या नोटिसा निघाल्या. 'लाडकी बहीण' योजनेत वर्षाला अडीच लाखांची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा आहे, आणि निवडणुका आटोपल्यावर २०२५ मध्ये पात्रतेची फेरतपासणी सुरू झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचे वार्षिक उत्पन्न कोणी, कोणत्या महिन्यात, कसे मोजावयाचे? मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न म्हणावे की कर्ज? या प्रश्नांची उत्तरे न देता आखलेली प्रत्येक मर्यादा ही उद्याच्या वसुलीची पेरणी असते.

याच महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. जो कामावर येईल त्याला काम, एवढाच तिचा निकष होता, आणि म्हणूनच तिथे अतिप्रदानाची धास्ती नव्हती. शक्य तेथे साहाय्य सर्वांना द्यावे आणि ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्याकडून ते प्राप्तिकराच्या मार्गाने परत घ्यावे, हा खरा समाजवादी मार्ग. जेथे उत्पन्नाची अट अपरिहार्य असेल तेथे वर्षभरातील चढउतारांना भरपूर सूट, वसुलीपूर्वी सुनावणी, स्वतंत्र अपील आणि वसुलीला कालमर्यादा हे चार हक्क कायद्यातच लिहिलेले असावेत.

कार्यकर्त्यांनी गावोगाव अर्ज भरून दिले, आता नोटिसांची उत्तरे लिहून देण्याचे कामही त्यांनाच अंगावर घ्यावे लागेल. नोटीस हाती पडली की गरीब माणूस प्रथम स्वतःलाच गुन्हेगार समजतो. गुन्हा त्याचा नाही, हे त्याला पटवून देणे हेच या लढ्यातील पहिले पाऊल आहे.