जुना हक्क आणि नवी बोली

डोंबिवलीतील कबड्डीप्रेमींच्या एका बैठकीत अलीकडे एका बहुश्रुत गृहस्थांनी असा सिद्धान्त मांडला की, लिलावातील ज्या खेळाडूवर त्याच्या जुन्या संघाचा ‘फायनल बिड मॅच’चा, म्हणजे अखेरच्या बोलीची बरोबरी करून त्याला परत नेण्याचा, हक्क शाबूत आहे, त्याच्यावर बोली लावणे हा शुद्ध मूर्खपणा होय; कारण खेळाडू हाती लागत नाही, पैसा अडकतो आणि भाव तेवढा चढतो. आधारादाखल त्यांनी अमेरिकन बास्केटबॉल उभे केले. टाळ्या पडल्या, परदेशी दाखल्याला आमच्याकडे टाळी फार स्वस्त आहे.

दाखला खोटा नव्हे. 2016 साली ब्रुकलिन नेट्सने टायलर जॉन्सनला चार वर्षांचे पाच कोटी आणि ॲलन क्रॅबला साडेसात कोटी डॉलर देऊ केले, मायामी आणि पोर्टलँड या त्यांच्या जुन्या संघांनी तितकीच रक्कम मान्य केली आणि ब्रुकलिन रिकाम्या हाताने परतले. परंतु तेथे जुन्या संघाला विचार करण्यास त्या काळी तीन दिवसांची मुदत असे, तोवर बोली लावणाऱ्याची रक्कम वेतनमर्यादेच्या हिशेबात अडकून पडे आणि तेवढ्यात बाजारातील इतर चांगली माणसे निघून जात. धोका होता तो या मुदतीचा. प्रो कबड्डीच्या लिलावात हातोडा पडतो, पुकारणारा जुन्या संघाच्या टेबलाकडे वळतो, तेथे दोन-तीन डोकी एकमेकांजवळ येतात, त्या हक्काचे कार्ड वर होते किंवा होत नाही, आणि प्रकरण जागच्या जागी निकाली निघते. बरोबरी झालीच तर बोली लावणाऱ्याच्या थैलीतला एक रुपयाही कमी न होता तो पुढल्या नावाला मोकळा. मग हा अडकलेला पैसा गृहस्थांनी पाहिला तरी कोठे? शिवाय तोच क्रॅब पुढल्याच वर्षी, 2017 मध्ये, अदलाबदलीत ब्रुकलिनकडे आला, हा उत्तरार्ध सांगण्यास त्यांना बहुधा वेळ पुरला नसावा.

दुसरा आक्षेप दुखापतीचा: एवढी रक्कम मोजलेला खेळाडू जायबंदी झाला तर? कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईला 2021 मध्ये तेलुगू टायटन्सने 1.30 कोटींची बरोबरी करून राखले आणि हंगामाच्या आरंभीच तो जायबंदी झाला. नुकसान झाले ते कार्ड उचलणाऱ्याचे. बोली हरणारा सहीसलामत सुटला.

भाव चढतो म्हणावे, तर 2023 मध्ये 2.605 कोटींना गेलेल्या पवन सेहरावतला पुढल्या वर्षी टायटन्सने हेच कार्ड वापरून 1.725 कोटींत परत नेले.

जुन्या मालकाने सोडलेला माल सदोषच असणार, हा युक्तिवाद त्यांतल्या त्यात वजनदार. त्याला उत्तर शादलोई या खेळाडूचे. 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने त्याच्यासह विजेतेपद मिळवून त्याला मोकळे सोडले, हरियाणा स्टीलर्सने 2.07 कोटींना घेतले आणि त्याच डिसेंबरात हरियाणा विजेते झाले.

या गृहस्थांचे आणि त्यांना टाळ्या देणाऱ्या मंडळींचे मूळ दुखणे निराळेच आहे. हीच माणसे पूर्वी मॅटवर खेळलेली कबड्डी ही कबड्डीच नव्हे म्हणून हटून बसली होती; मग लिलाव म्हणजे गुरांचा बाजार, असे म्हणू लागली; आणि आता त्याच बाजारात बोली कमी लागावी असा सल्ला देत आहेत. कल्याण-डोंबिवलीभोवतालच्या आगरी गावांत दिव्यांच्या उजेडात रात्र-रात्र खेळणाऱ्या, गुडघ्याला पट्टा आवळून चढाईला जाणाऱ्या पोराला त्याच्या अंगच्या गुणांचा दाम मिळावा तो कोणत्या वाटेने? दुसरा कोणी बोलीच लावणार नसेल, तर जुन्या संघाचा हा हक्क म्हणजे त्या पोराच्या कमाईवर बसवलेली बिनबोभाट जप्तीच होय.

माझे म्हणणे थोडके आहे. संघाला ज्याची खरी निकड आहे त्याच्यावरच बोली लावावी, आकडा लिलावगृहात शिरण्यापूर्वी मुक्रर करावा आणि त्यापुढे पै चढू नये. जुन्या संघाला डिवचण्यासाठी बोली फुगवणारा एखाद्या दिवशी त्याच बोलीत अडकेल, हे मला मान्य आहे. बरोबरी झाली तर प्रतिस्पर्ध्याची थैली हलकी होते, पवनचे 1.725 कोटी हा संघाच्या पाच कोटींच्या खर्चमर्यादेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग होता. न झाली तर खेळाडू आपला. मुंबईच्या यू मुंबा संघाच्या कारभाऱ्यांनी येत्या लिलावात, समोरच्या टेबलावर कार्ड दिसले एवढ्याच कारणाने, हात खाली घेऊ नये.