दार आपणच उघडतो

घरात परका माणूस शिरतो आणि घरातल्यांची रात्र नासवतो, एवढ्याच कथानकावर उभे राहणारे भयपट म्हणजे शहरी माणसाचं खूळ, असं मत आमच्या देवरीत मोठ्या ठामपणे मांडलं जातं. पानठेल्यावर मांडलं जातं, शाळेच्या स्टाफरूममध्ये मांडलं जातं, आणि मांडणाऱ्यांनी असे बरेच चित्रपट मोबाइलवर चवीने पाहिलेले असतात, हे विशेष. त्यांचे मुद्दे तीन. पहिला असा, की ही भीती फ्लॅटमध्ये एकेकटं राहणाऱ्यांची. जिथे दार दिवसभर सताड उघडं असतं तिथे तिचं काय काम? दुसरा, भूत नाही, करणी नाही, मग घाबरायचं कशाला? उरतात ते फक्त कानठळ्या बसवणारे आवाज आणि रक्त. तिसरा, अशा चित्रपटात शेवटच्या धक्क्याखेरीज काही नसतं. तो कळला की चित्रपट संपला. तिन्ही मुद्दे ऐकायला पटण्यासारखे आहेत. तपासायला घेतले की एकही टिकत नाही.

तपासणीसाठी राम गोपाल वर्मांचा ‘कौन’ घेऊ. तो फेब्रुवारी 1999 मध्ये आला आणि त्याच वर्षी 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला; म्हणजे हा चित्रपट आणि आमचा जिल्हा एकाच वयाचे. लेखन अनुराग कश्यपचं. एक घर, एक पावसाळी दिवस, तीन माणसं आणि साधारण दीड तास. गाणं एकही नाही. उर्मिला मातोंडकर घरात एकटी, टीव्हीवर मोकाट सुटलेल्या खुन्याची बातमी, आणि दारावरची बेल वाजते. बाहेर मनोज बाजपेयी. पुढे सुशांत सिंह येतो, पोलीस असल्याचं सांगत.

आधी तिसऱ्या मुद्द्याकडे, कारण तो सर्वांत पोकळ आहे. ‘कौन’चा शेवट पाव शतकानंतर सांगायला हरकत नसावी: जिला आपण सावज समजत होतो, तीच खुनी निघते. धक्का जबरदस्त, यात वाद नाही. पण प्रेक्षकाची मूठ आवळली जाते ती शेवटी नव्हे, पहिल्या अर्ध्या तासात, आणि त्या अर्ध्या तासात काहीही घडलेलं नसतं. बाहेरचा माणूस कुणा मल्होत्रांचं घर विचारतो. इथे मल्होत्रा राहत नाहीत, असं ती सांगते. विषय इथे संपायला हवा. तो संपत नाही. बाहेर पाऊस आहे, त्याला जरा थांबायचंय, जरा फोन करायचाय. स्वर अजिजीचा, बोलणं घोळून घोळून, ‘मॅडम’ला खंड नाही. मागणं प्रत्येक वेळी इतकं क्षुल्लक, की नाही म्हणणाराच कोता ठरावा. म्हणून ती सरळ ‘चालते व्हा’ म्हणू शकत नाही. नवरा घरात आहे, झोपलाय, अशी थाप मारते. थाप का मारावी लागते, याचा विचार करा. घर तिचं आहे, दार तिचं आहे, कडी आतून आहे. तरी नकार द्यायला तिला निमित्त हवं. त्या निमित्ताच्या शोधात आपण तिच्यासोबत घामाघूम होतो.

आता दुसऱ्यांदा पाहा. शेवट माहीत आहे, तरी भीती कमी होत नाही, फक्त बाजू बदलते. दाराबाहेरचा तो बडबड्या आता बिचारा वाटतो. ज्या अगत्याच्या आशेवर तो आत येण्यासाठी धडपडतो, तेच त्याला गिळणार असतं. केवळ धक्क्यावर जगणारा चित्रपट दुसऱ्या वेळी रिकामा वाटला असता. इथे दोन्ही वेळा भीतीचं ठाणं एकच आहे: उंबरठ्यावर चाललेलं सभ्य बोलणं.

दुसरा मुद्दा भुताचा आणि आवाजाचा. आवाजावरच भीती चालत असती तर ब्रायन बर्टिनोच्या ‘द स्ट्रेंजर्स’ (2008) मधलं ते दृश्य कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. लिव्ह टायलर स्वयंपाकघराजवळ उभी आहे. तिच्या पाठीमागच्या अंधारातून मुखवटा घातलेला माणूस सावकाश पुढे येतो आणि नुसता उभा राहतो. संगीत नाही, किंकाळी नाही. तिला पत्ता नाही. पत्ता फक्त आपल्याला. त्या शांततेइतकं भयंकर त्या चित्रपटात दुसरं काही नाही.

रक्ताचंही तसंच. ऑस्ट्रियाच्या मिखाएल हानेकेने 1997 मध्ये ‘फनी गेम्स’ केला आणि दहा वर्षांनी तोच इंग्रजीत जवळपास चौकट-दर-चौकट पुन्हा केला. त्यातला बहुतांश हिंसाचार पडद्याबाहेर घडतो. तरी हा चित्रपट अर्ध्यावर बंद करणारे कमी नाहीत. सुरुवात कशाने होते? अंड्यांनी. पांढरे हातमोजे घातलेला एक नम्र पोरगा शेजाऱ्यांच्या नावाने चार अंडी मागायला येतो. अंडी मिळतात, त्याच्या हातून फुटतात, तो पुन्हा मागतो. बाईचा पारा चढत जातो आणि प्रत्येक वेळी तिचाच स्वर उद्धट ठरतो. आपल्याकडे शेजारी विरजण मागायला येतात, तितकी ही साधी गोष्ट. विरजण मागायला आलेल्याला कुणी घालवून देतं का?

राहिलं भूत. भुताला आपल्याकडे निदान कायदाकानून आहे. ते अमावास्येला येतं, ठरावीक झाडावर राहतं, त्याला उतारा टाकता येतो, मांत्रिक आणता येतो. ज्याच्यावर उपाय ठाऊक आहे त्याची भीती किती बाळगणार? दारात उभा असलेला, हसरा, नीटनेटका, काम सांगणारा माणूस यांपैकी कशालाच बधत नाही. त्याच्यावरचा एकमेव उपाय म्हणजे त्याचा अपमान करणं, आणि आपल्याला लहानपणापासून नेमकं तेच करायला शिकवलेलं नसतं.

आता पहिला मुद्दा. हा सर्वांत वजनदार आहे आणि त्यात थोडं सत्यही आहे, म्हणून त्याला सवडीने उत्तर देतो.

ही भीती एकेकट्या राहणाऱ्यांची, असं म्हणणाऱ्यांनी 1976 चं पुणं आठवावं. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातली घरं भरलेली होती. 1 डिसेंबरच्या संध्याकाळी भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात वृद्ध संस्कृत पंडित काशिनाथशास्त्रींसह पाच माणसं होती. मारेकरी दार फोडून आले नाहीत. त्यांनी बेल वाजवली आणि घरातल्या तरुण नातवाने दार उघडलं. मारेकरीही कुणी सराईत दरोडेखोर नव्हते, शहरातल्या चित्रकला महाविद्यालयातली पोरं होती. या हत्यांच्या धास्तीने त्या काळात पुण्याचे रस्ते दिवेलागणीनंतर ओस पडत. या प्रकरणावर 1986 मध्ये नाना पाटेकरांचा ‘माफीचा साक्षीदार’ आला. तो पाहताना आजही पोटात गोळा येतो, तो सुऱ्यामुळे नाही. आलेल्या माणसाला कुणीही दार उघडलंच असतं, हे कळल्यामुळे.

पण पुणं शहरच, असं कुणी म्हणेल. तर मग देवरीचंच बोलू. आमच्याकडे दार उघडं असतं, हे खरं. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवसांत तर घरात इतके पाहुणे असतात, की रात्री नाटकाला कोण गेलं आणि सपरीत, म्हणजे ओसरीत, कोण झोपलं, याचा हिशेब घरधनिणीलाही लागत नाही. मुंबईहून कोलकात्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो. रात्रंदिवस ट्रक चालू, पुढे छत्तीसगडची हद्द. पाणी मागणारा, पत्ता विचारणारा, पंक्चरवाला शोधणारा परका माणूस आम्हाला नवा नाही. मग आम्ही घाबरत का नव्हतो?

कारण उघडं दार म्हणजे बिनराखणीचं दार नव्हे. जुन्या घराची रचना पाहा. आधी आंगण, मग सपरी, मग कवाड, आणि आत घर. परका आला की तो आंगणातून हाक देतो. ‘कोन्या गावचे जी तुमी?’ हा पहिला प्रश्न. मग आडनाव, मग कुणाकडे आले, मग त्या गावातला एखादा ओळखीचा माणूस. पाण्याचा गडवा येईपर्यंत समोरच्याची सात पिढ्यांची झडती झालेली असते, आणि त्याला मात्र पाहुणचार झाल्यासारखंच वाटतं. सपरीत बसवला, पाणी दिलं, वाटेला लावला. माणुसकी सांभाळली आणि आतलं कवाड उघडावंच लागलं नाही. ‘कौन’मधल्या बाईकडे हीच सोय नव्हती. तिच्या घरात दोनच जागा: आत आणि बाहेर. सपरी असती तर वर्मांचा चित्रपट दहाव्या मिनिटाला संपला असता.

म्हणजे आमचे मित्र जिला धीटपणा म्हणतात, ती खरं तर घराच्या रचनेची करामत आहे, आणि ती रचना झपाट्याने जातेय. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, त्यातच स्वयंपाकाची जागा. अशा घरात सपरी काढायची कुठून? दार उघडलं की थेट टीव्हीची खोली, आणि टीव्हीसमोर पोरं. ऐपतवाल्यांची स्लॅबची घरंही तशीच: लोखंडी गेट, बेल, मग एकदम हॉल. पक्कं घर नको, असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात कौलं चाळणाऱ्याला स्लॅबचं मोल विचारा. पण मुंबईच्या पडद्यावरचं ते घर आता देवरीतही उभं आहे, एवढं तरी मान्य करा.

शिवाय सपरीलाही न जुमानणाऱ्या रात्री या भागाने पाहिल्या आहेत. देवरी, चिचगड, सालेकसा या पट्ट्याची ओळख दीर्घकाळ नक्षलग्रस्त अशीच होती. जंगलाला लागून असलेल्या गावांत रात्री बंदुका घेऊन येणारे दार ठोठावत, आणि मागणं काय? भात शिजवून द्या. नाही म्हणायची सोय नाही. हो म्हणावं तर दुसऱ्या दिवशी वर्दीतली माणसं येऊन विचारणार, काल कुणाला जेवू घातलं? चुलीवर आधण ठेवणाऱ्या बाईला दोन्हीकडून एकच शिक्षा. जगातल्या कुठल्याही पटकथाकाराने दारावरच्या थापेतलं भय याहून नेमकं लिहिलेलं नाही. ज्या मुलखाने हे भोगलं, त्यालाच ‘ही भीती आमची नाही’ असं सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

खंडन झालं, आता माझं म्हणणं. घरात घुसखोरीचा भयपट भिववतो, कारण तो आपल्या चांगुलपणालाच ओलीस धरतो. त्यातला परका कुलूप तोडत नाही, कुलूप आपल्याकडूनच उघडून घेतो. बर्टिनोने आपल्या चित्रपटाचं बीज बालपणीच्या एका आठवणीत असल्याचं सांगितलं आहे: दारात कुणीतरी आलं आणि तिथे न राहणाऱ्या माणसाची चौकशी करून गेलं, नंतर कळलं, की ते असंच दारोदार विचारत आणि जिथे कुणी नसे तिथे चोरी करत. ‘कौन’ मधल्या मल्होत्रांचा पत्ता त्याच्या नऊ वर्षं आधीचा. त्याही आधी, 1967 मध्ये, ‘वेट अंटिल डार्क’ मधल्या आंधळ्या ऑड्री हेपबर्नच्या घरात भामटे शिरतात ते नवऱ्याचा मित्र आणि पोलीस बनून. चार दशकांत, तीन चित्रपटांत, युक्ती एकच: विश्वास ठेवायला भाग पाडणारं काहीतरी साधं बोला.

हे भय उलटं फिरवलं तरी चालतं, हे विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’ने (2017) मराठीत दाखवलं. तिथे परकी आहे ती पाहुणी: ऊसाच्या फडातल्या घरी आश्रयाला आलेली गरोदर नेहा, म्हणजे पूजा सावंत. तिला भरवणारी, जपणारी तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. चित्रपटात भुताखेताचा खेळ आहे, पण अंगावर येते ती तुळसाबाईची माया. ताट वाढून समोर ठेवणाऱ्या बाईला ‘मला जाऊ द्या’ कसं म्हणायचं? चार वर्षांनी फुरियांनीच त्यावरून हिंदीत ‘छोरी’ केला, तेव्हा हीच अडचण देशभराच्या प्रेक्षकाला कळली.

म्हणून या चित्रपटांचा धडा ‘परक्याला दारात उभं करू नका’ असा कुणी काढला, तर तो साफ चुकीचा ठरेल. दार बंद करून बसलेला समाज सुरक्षित होत नाही, नुसता घाबरट होतो. धडा एवढाच, की अगत्याला चौकशीची जोड हवी, आणि आपल्या आजीला ती न शिकवता येत होती.

शेवटी एक विनंती. आमच्या झाडीपट्टीला अशी रंगभूमी आहे, जिचा प्रेक्षक थंडीत घोंगडं पांघरून रात्री दहापासून पहाटेपर्यंत नाटक पाहतो. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात कौटुंबिक रडारड आणि लावणी मुबलक असते. एक घर, एक रात्र आणि दारात उभा असलेला एक नम्र माणूस मात्र त्या रंगमंचावर क्वचितच येतो. त्याला भूत नको, भारी नेपथ्य नको, तीन नट पुरे. वडशाच्या नाटक कंपन्यांनी असं एक नाटक करावं आणि त्याचा प्रयोग देवरीच्या मंडईत लावावा. ही भीती आमची नाही म्हणणाऱ्यांना मी स्वतः तिकीट काढून पहिल्या रांगेत बसवीन.