पहिली सायकल जुनीच असावी

विद्यार्थ्याने आपली पहिली सायकल नवी घ्यावी की जुनी, हा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात महिन्याचा जमाखर्च बेताने मांडावा लागतो, त्या घरात तो क्षुल्लक नसतो. एकीकडे मुलाचा हट्ट, दुसरीकडे बापाचा पगार, आणि या दोहोंच्या मध्ये घरची माउली, असा हा तिढा असतो. त्यातून आजकाल आमच्या विद्यार्थ्यांना साध्या सायकलीपेक्षा वळणदार हँडलाची, अरुंद चाकांची व गिअर असलेली शर्यतीच्या घाटाची सायकल, म्हणजे बाजारात जिला ‘रोड बाइक’ म्हणतात ती, अधिक प्रिय झाली आहे. चांगल्या बनावटीची अशी नवी सायकल पंचवीस-तीस हजारांच्या घरात सहज जाते. एवढी रक्कम मध्यम स्थितीतील कुटुंबाने एका मुलाच्या हौसेसाठी घालावी, असे आम्ही म्हणणार नाही. त्याचबरोबर त्या मुलाने सायकलीची आस सोडून द्यावी, असेही आम्ही म्हणणार नाही. आमचे मत असे की, पहिली सायकल जुनी घ्यावी, पारखून घ्यावी, आणि ती पारखण्याचे काम स्वतः विद्यार्थ्याने करावे.

सायकलीची आस ही केवळ चैन नव्हे. बिहार राज्याने २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. त्या योजनेनंतर माध्यमिक शाळांत येणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली, असे पुढे झालेल्या अभ्यासातून दिसून आले. शाळा दूर आणि वाहन नाही, एवढ्या एका कारणाने ज्यांचे शिक्षण थांबले असते, त्या मुली दोन चाकांच्या आधाराने पुढे गेल्या. आपल्या शहरातही घर एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती अनेकांची आहे. दरमहा रिक्षावाल्याला द्यावे लागणारे पैसे आणि रोज वाट पाहण्यात जाणारा वेळ यांचा हिशेब मांडला, तर सायकल ही खर्चाची नव्हे, बचतीची बाब ठरते.

आता जुनीच का, हे सांगतो. पहिले कारण असे की, सायकल हे यंत्र फार थोडे बदलले आहे. जॉन केम्प स्टार्ली या इंग्रज कारागिराने १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली. १८८८ साली डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. आजची सायकल मूलतः तीच आहे. म्हणून दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या सायकलीचे झिजलेले भाग बहुधा आजही बाजारात मिळतात, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री ते बसवूनही देतो. जुना मोबाइल जसा निकामी होतो, तशी जुनी सायकल होत नाही.

दुसरे कारण विद्यार्थ्यांच्या वयाचे आहे. आपल्याकडे कपडा असो की चप्पल, ‘वाढत्या अंगाची’ घेण्याची रीत आहे. कपड्याच्या बाबतीत ती शहाणपणाची असेल. सायकलीच्या बाबतीत ती धोक्याची आहे. जिच्यावर पाय टेकत नाहीत, अशी सायकल गर्दीत आवरत नाही. म्हणून सायकल आजच्या उंचीची हवी. मग दोन वर्षांनी ती लहान झाली तर काय? नवी सायकल दुकानाबाहेर पडताच तिची किंमत उतरते. जुनीची किंमत आधीच उतरलेली असते. ती नीट राखली, तर घेतली त्याच्या आसपासच्या किमतीत पुन्हा विकता येते. वाढत्या मुलासाठी यापेक्षा किफायतशीर व्यवहार दुसरा नाही.

परंतु ‘स्वस्त ते महाग’ ही म्हणही आपल्याच पूर्वजांची आहे, हे विसरून चालणार नाही. न पारखता घेतलेली जुनी सायकल नव्यापेक्षाही महाग पडते, आणि प्रसंगी ती महागाई पैशांत नव्हे, हातापायांच्या हाडांत मोजावी लागते. म्हणून पारख कशी करावी, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

बाजारात जाण्यापूर्वी स्वतःचे माप घ्यावे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरावे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. या अंतराला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या आसापासून बैठकीपर्यंतची उंची सुमाराने मिळते. अंतर ७५ सेंटीमीटर असेल, तर बैठक ६६ सेंटीमीटरच्या आसपास यावी. बैठक वरखाली करता येते, सांगाडा मात्र लहानमोठा करता येत नाही. म्हणून मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंस पाय टाकून उभे राहिले असता, दांडी आणि अंग यांत दोन-तीन सेंटीमीटर तरी मोकळी जागा राहते की नाही, हे पाहावे. हे माप जुळत नसेल, तर सायकल कितीही सुंदर व स्वस्त असो, तिला नमस्कार करून पुढे जावे.

त्यानंतर सांगाडा पाहावा. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावा. तो दांडीला चिकटला तर सांगाडा पोलादी. न चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियमचा. पोलादी सांगाडा थोडा जड असतो, पण दीर्घकाळ टिकतो, आणि लहानसहान दोष दुरुस्तही होतो. अॅल्युमिनियम हलके असते, परंतु त्यास तडा गेल्यास दुरुस्ती अवघड. कार्बनच्या जुन्या सायकलीपासून नवशिक्याने दूरच राहावे. तिच्यातील तडा वरून दिसत नाही, आणि ती मोडते तेव्हा सूचना न देता मोडते. हँडलच्या खाली जिथे नळ्या जोडल्या जातात, तिथल्या रंगावर सुरकुत्या वा भेगा दिसल्या, अथवा पुढचा चिमटा बाजूने पाहता मागे दबलेला वाटला, तर ती सायकल कुठेतरी समोरून आदळली आहे असे समजावे. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. नव्या चकचकीत रंगाला तर मुळीच भुलू नये. पुष्कळदा रंगाखाली काय आहे, हाच खरा प्रश्न असतो.

मग चाके. सायकल उचलून चाक फिरवावे आणि ब्रेकचा रबर व रिम यांमधील फटीकडे लक्ष ठेवावे. चाक किंचित ‘आउट’ असेल, तर मिस्त्री तारा आवळून ते काढू शकतो. पण रिमच मुडपलेली असेल, तर नव्या चाकाचा खर्च धरावा. ब्रेक जिथे घासतो तो रिमचा भाग बोटाने चाचपावा. तो आत खोलगट झालेला असल्यास रिम संपत आली आहे. टायरच्या कडांना बारीक चिरा असल्यास टायर बदलावेच लागतील. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली, तर तिथले बेअरिंग सैल वा खराब आहे. तशीच पायडलची दांडी आडवी हलवून पाहावी.

साखळीची परीक्षा तर कंपासपेटीतील १२ इंची पट्टीने करता येते. साखळीच्या एका खिळ्यावर पट्टीचा शून्य ठेवला, की पुढचा चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर यावयास हवा. तो १/१६ इंचाने पुढे गेला असेल, तर साखळी बदलण्याची वेळ झाली आहे. १/८ इंचाने पुढे गेला असेल, तर साखळीबरोबर मागचे दातेही झिजले आहेत, आणि तो खर्च मोठा आहे. वर्गात शिकलेला अपूर्णांक बाजारात उपयोगी पडतो, तो असा.

शेवटी सायकल चालवून पाहावी. सारे गिअर एकेक बदलून पाहावेत, दोन्ही ब्रेक निरनिराळे दाबून पाहावेत, आणि हात हलका सोडला असता सायकल एका बाजूस ओढते की काय, हे पाहावे. जो विकणारा चालवून पाहू देत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये.

पैशांच्या नियोजनाविषयी आमची एकच सूचना आहे. घरून मंजूर झालेल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवावा आणि नसल्यासारखाच मानावा. समजा, दहा हजार मिळाले. तर साडेसात हजारांच्या वर बोलीच करू नये. उरलेल्या अडीच हजारांत ब्रेकचे रबर, तारा, तेलपाणी, कुलूप, मागचा लाल दिवा व हेल्मेट बसवावे. टायर आणि साखळीही बदलावी लागणार असेल, तर तेवढी रक्कम सायकलीच्या किमतीतून कमी करून मागावी. आपण शोधलेले दोष शांतपणे दाखवून मागितलेली सूट ही घासाघीस नव्हे. तो न्याय्य हिशेब आहे.

हैदराबादेत जुन्या वस्तूंच्या बाजारांची उणीव नाही. जुमेरात बाजार व एर्रगड्ड्याचा रविवारचा बाजार सर्वांना ठाऊक आहेत. तरीही आमच्या मते पहिला शोध ओळखीच्या माणसांत घ्यावा. महाविद्यालयात गेलेला एखादा माजी विद्यार्थी, शेजारचा दादा, नात्यातील ताई, यांच्या जिन्याखाली कितीतरी चांगल्या सायकली धूळ खात पडलेल्या असतात. तेथे किंमतही रास्त मिळते, आणि सायकलीचा पूर्वेतिहासही कळतो.

हा पूर्वेतिहास फार महत्त्वाचा आहे. सायकलीला मोटारीसारखी नोंदणी नसते. त्यामुळे चोरीची सायकल हातोहात विकली जाऊ शकते. चोरीचा माल आहे हे जाणून, अथवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किंमत, बिल नाही, सांगाड्यावरचा क्रमांक खरवडलेला, आणि ‘आत्ताच घ्या’ अशी घाई, हे सारे एकत्र आले की समजून घ्यावे. हा क्रमांक बहुधा पायडलच्या आसाखाली कोरलेला असतो. तो, विकणाऱ्याचे नाव, तारीख व रक्कम असलेली सही केलेली पावती अवश्य घ्यावी. आम्ही हे केवळ कायद्याच्या भीतीने सांगत नाही. चोरीची ती सायकलही एखाद्या विद्यार्थ्याचीच असेल, आणि त्याच्याही बापाने ती काटकसर करून घेतली असेल, हा विचार आपल्या मनात यावयास हवा.

काही पालक म्हणतील, हैदराबादच्या रहदारीत मुलाला सायकलवर पाठवणे हेच धाडस आहे. ही भीती निराधार नाही. बाह्य वळण रस्त्यालगत २३ किलोमीटरचा, सौर छताखालचा सायकलमार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. ती आनंदाची गोष्ट आहे. परंतु कोठी, काचिगुडा, नारायणगुडा या भागांतून शाळेत येणाऱ्या मुलाला त्या मार्गाचा उपयोग नाही. ज्या रस्त्यांवर मुले रोज चालतात, त्यांच्या कडेला हातभर जागा सायकलीसाठी राखली जावी, ही मागणी पालकांनी व शाळांनी मिळून केली पाहिजे. तोवर पहिले काही महिने मोठ्या माणसासोबत, आतल्या रस्त्यांनी व दिवसाउजेडी सायकल चालवावी. भीतीचे उत्तर सावधपणात आहे. मुलाला कायम रिक्षात बसवण्यात नाही.

आणखी एक आक्षेप मुलांच्या मनातला आहे, आणि तोच आम्हांस अधिक गंभीर वाटतो. जुनी सायकल घेऊन गेलो तर मित्र हसतील! मुंबईच्या काही पारशी तरुणांनी १९२३ साली सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस प्रस्थान ठेवले. त्यांतील तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा यांनी, ती १९२८ साली पुरी केली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार करण्याची अतिकठीण शर्यत पार केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या विशीतील मुलीने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटरचा प्रवास करून जगाला वळसा घातला. यांची नावे आपण घेतो ती त्यांनी पार केलेल्या अंतरामुळे. सायकल किती रुपयांची होती, हे कोणी विचारीत नाही. जो मित्र सायकलीच्या किमतीवरून माणसाची किंमत करतो, त्याच्या हसण्याचे मोल किती मानावे, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

पालकांना आमची विनंती आहे की, सायकल आणून मुलाच्या हाती देऊ नका. रक्कम ठरवून द्या, मुलाला वा मुलीला शोधू द्या, मोजू द्या, दोन ठिकाणी नकार देऊ द्या, आणि शेवटचा कौल मात्र ओळखीच्या मिस्त्रीसमक्ष घ्या. आवडलेल्या वस्तूला दोष दिसताच नाही म्हणणे, हे व्यवहारातील मोठे शिक्षण आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, सायकल घरी आली की पहिल्याच रविवारी तिची साखळी स्वतः पुसा, तेल द्या आणि पंक्चर काढावयास शिका. मग ती दुसऱ्याची जुनी सायकल राहणार नाही. ती तुमची होईल.