पडदा आणला, केबिन विसरलो

१९ नोव्हेंबर २०२३. ही तारीख विसरायचा खूप प्रयत्न केला, जमत नाही. रविवार, वर्ल्ड कपची फायनल, आणि वाकडला एका मित्राच्या घरी आम्ही चौदा-पंधरा जण. मित्राचं नाव देत नाही, आपण त्याला बंड्या म्हणू. (बंड्या हे वाचतो. मुख्य म्हणजे त्याची बायकोही वाचते.) दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेला नवाकोरा प्रोजेक्टर, भिंतभर पडदा, खाली गाद्या, गाद्यांवर पोरं.

मॅचचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. ट्रॅव्हिस हेड काही केल्या आउट होईना. त्याचं शतक झाल्यावर पोरं कंटाळली आणि उठून आतल्या खोलीत खेळायला गेली. दहाएक मिनिटांनी वर 'कर्रर्र' असा आवाज आला आणि प्रोजेक्टर माउंटसकट, जिप्समच्या तुकड्यासकट खाली आला. बरोबर मधल्या गादीवर. जिथे बंड्याची पाच वर्षांची पोरगी लोळत पडली होती तिथे.

ऑस्ट्रेलियाच्या बॅट्समनचे मनापासून आभार मानायची ती माझी आयुष्यातली पहिली आणि बहुतेक शेवटचीच वेळ.

नंतर आम्ही स्टुलावर चढून भोकात टॉर्च मारला. माउंटचे चारही स्क्रू फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डात पिळलेले होते. हा बोर्ड साधारण साडेबारा मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी कागद आणि मध्ये दाबलेली पावडर. तो स्वतःचं वजन पेलायला आणि एलईडीचे दिवे मिरवायला असतो. चार-पाच किलोचं, सतत पंखा फिरत असलेलं, बारीक थरथरणारं यंत्र लटकवायला नव्हे. खरा स्लॅब त्याच्या वर फूटभर अंतरावर होता आणि तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

बंड्याने दुकानात फोन केला. उत्तर आलं, "सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही. आणि इन्स्टॉलेशन तर आपण फ्री करून दिलं होतं ना?"

मला राग आला तो दुकानदाराचा नाही. राग आला बंड्याचा, आणि त्यातून आमच्या सगळ्या जमातीचा. हा माणूस आर्किटेक्ट आहे, म्हणजे सॉफ्टवेअरवाला. कंपनीत दोन लोकांनी रिव्ह्यू केल्याशिवाय एक ओळ कोड पुढे जाऊ देत नाही. प्रोजेक्टर घ्यायच्या आधी दोन महिने याने ल्युमेन्स, कॉन्ट्रास्ट, इनपुट लॅग, थ्रो रेशो यांची एक्सेल शीट केली होती. त्या शीटमध्ये 'हे कशाला टांगणार?' असा कॉलमच नव्हता. मुलगा आला, वीस मिनिटांत काम उरकून गेला. बंड्या तेव्हा कॉलवर होता.

आता मूळ मुद्दा. सिनेमा दाखवणारं यंत्र हे धोक्याचं यंत्र आहे, हे आपल्या आजोबांच्या पिढीला माहीत होतं. पूर्वीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो. आपल्या पुण्याने हे पाहिलंय. २००३ च्या जानेवारीत लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या फिल्म अर्काइव्हच्या जुन्या नायट्रेट फिल्म गेल्या. म्हणून टॉकीजमध्ये प्रोजेक्टरसाठी वेगळी केबिन असायची. जाड भिंती, प्रेक्षकांकडे फक्त छोट्या खिडक्या, आत परवाना असलेला ऑपरेटर. नायट्रेट फिल्म गेल्या तरी ही शिस्त राहिली.

आणि जिथे शिस्त सुटली तिथे काय होतं, तेही देशाने पाहिलं. १३ जून १९९७, दिल्लीचं उपहार थिएटर. 'बॉर्डर'चा खेळ चालू होता. ५९ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. तिथे आगीला प्रोजेक्टर कारणीभूत नव्हता. तळमजल्यावरच्या पार्किंगमधला ट्रान्सफॉर्मर त्याच दिवशी सकाळी घाईघाईत 'दुरुस्त' केला होता आणि केबलचं कनेक्शन ढिलं राहिलं होतं. ढिलं कनेक्शन! आणि माणसांना बाहेर पडायला वाट अडवलेली.

आपण घरात थिएटर आणलं म्हणतो, पण आणला फक्त पडदा. केबिन विसरलो, ऑपरेटरही विसरलो. यंत्र आलं थेट पोरांच्या डोक्यावर.

आता विजेकडे वळू. कारण पडणारा प्रोजेक्टर निदान आवाज तरी करतो.

तुमच्या घरी ॲम्प्लिफायरला किंवा प्रोजेक्टरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? "थोडा करंट मारतो, बाकी काही नाही" हे वाक्य मी निदान पाच घरांत ऐकलंय. त्याचा अर्थ सांगतो. या यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये आवाज गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात, ते थोडीशी वीज अर्थिंगकडे सोडतात. तिसऱ्या पिनला अर्थिंगच नसेल तर ती वीज यंत्राच्या अंगावर थांबते आणि तुमचा हात लागला की तुमच्यातून वाट काढते. एवढ्याशा विजेने माणूस मरत नाही. पण झिणझिण्या म्हणजे तुमच्या सॉकेटची अर्थिंग मेलेली असल्याची खूण आहे. उद्या आतली खरी फेज वायर सुटून बॉडीला टेकली तर तिला थोपवायला कुणी नाही. सर्व्हरचा वॉर्निंग लॉग रोज येतोय आणि आपण तो म्यूट करून बसलोय, तसला हा प्रकार.

उपाय काय? परवानाधारक वायरमन बोलवा, अर्थिंग मोजून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आहे का ते बघा. असेल तर तिच्यावरचं 'टेस्ट' बटण दाबा. ताबडतोब ट्रिप झाली पाहिजे. एमसीबी वेगळी, ती वायर वाचवते. माणूस वाचवते ती आरसीसीबी. हा फरक मला स्वतःला नोकरीला लागून दहा वर्षं झाल्यावर कळला, तेव्हा लाजायचं कारण नाही :-)

दुसरं, फॉल्स सीलिंगच्या आत टाकून दिलेला स्पाइक गार्ड. हा तर पुण्याचा अधिकृत गृहोद्योग म्हणावा लागेल. वर पॉइंट नाही, मग एक्स्टेन्शन बोर्ड वरच ठेवायचा आणि झाकून टाकायचं. दिसत नाही म्हणजे नाहीच. त्याच्यावर धूळ बसते, पिन ढिली होते, गरम होते, आणि वास आला तरी कुठून येतोय ते कळत नाही. वर कायमचा सॉकेट पॉइंट काढून घ्या, वायर पाइपातून न्या, आणि त्याचा स्विच खाली हाताशी ठेवा.

तिसरं, ड्रिल. आपल्या टॉवरमध्ये वायरिंगचे पाइप स्लॅबच्या आतूनच गेलेले असतात, पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत. कुठून गेलेत हे बाहेरून दिसत नाही. ड्रिल मारण्याआधी त्या खोलीची लाइन मेनवरून बंद करा आणि ड्रिल दुसऱ्या खोलीच्या लाइनवर चालवा. माउंट स्लॅबला, धातूच्या अँकर फास्टनरने. आणि वर एक वेगळी स्टीलची साखळी किंवा तार, दुसऱ्या फास्टनरला. नाटकात, कॉन्सर्टमध्ये डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला अशी तार बांधतात. आपण ज्याला रिडंडन्सी म्हणतो ती हीच.

आणि तो मुलगा. बंड्याच्या इमारतीत नंतर एका घरी मी काम चालू असताना बघितलं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर दुसरं स्टूल, त्यावर अनवाणी पाय, डोळ्यांत सिमेंटची धूळ, आणि ड्रिलला प्लगच नाही. उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठोकलेल्या. मी म्हटलं, "दादा, प्लग लाव ना." तो म्हणाला, "रोजचंच आहे साहेब." घरमालक सोफ्यावर बसून मोबाइलवर स्क्रीनचा साइज ठरवत होते. आपण घरात 'फ्री इन्स्टॉलेशन' घेतो तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो, याचं उत्तर त्या स्टुलावर उभं असतं. शिडी द्या, गॉगल द्या, चांगला प्लग द्या. दीड लाखाच्या खेळण्यापुढे हा खर्च म्हणजे चिल्लर.

आता डोळे. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या लेझरने तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचं पुण्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं, बातम्या आल्या, आणि २०२४ च्या उत्सवात पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली. त्या वेळी आपण सगळे फार तावातावाने बोललो होतो. मग घरचा 'लेझर प्रोजेक्टर' घेताना एकानेही डब्यावरचा पिवळा स्टिकर वाचला नाही, हे कसं?

उगाच घाबरवत नाही. मिरवणुकीतला बीम दोरीसारखा एकवटलेला असतो, घरातला प्रकाश पसरलेला असतो. दोन्ही एक नव्हेत. पण विचार करा, शंभर इंची पडदा उजळवणारा सगळा प्रकाश लेन्सपाशी तळहाताएवढ्या जागेतून बाहेर पडतो. प्रोजेक्टरसाठी आंतरराष्ट्रीय मानकात जोखमीचे गट आहेत, आणि घरगुती यंत्रं बहुधा 'आरजी २' किंवा त्याखालची असतात. आरजी २ चा अर्थ असा की डोळे दिपून तुम्ही पाव सेकंदात पापणी मिटाल किंवा मान फिरवाल, हे गृहीत धरलंय. मोठा माणूस मान फिरवतो. पाच वर्षांचं पोर "बघू कोण जास्त वेळ बघतं" अशी पैज लावतं! भिंतीवर सावलीचा कुत्रा करता करता ते लेन्सकडे तोंड करून उभं राहतं. आणि टीव्हीच्या कपाटावर ठेवायचे जे नवे शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर आलेत, त्यांची लेन्स तर बरोबर पोरांच्या उंचीला, वर तोंड करून. काहींत कुणी जवळ आलं की प्रकाश मंद करणारा सेन्सर असतो. तो मेनूत बंद करून ठेवू नका. आणि पोरांना एकदा स्वच्छ सांगा: सूर्याकडे बघत नाही, तसंच इकडेही बघायचं नाही.

जुना दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर एवढंच. त्यातला पाऱ्याचा दिवा चालू असताना आत वातावरणाच्या शेकडो पट दाब असतो. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका. लाइट जातात तिथे छोटा यूपीएस ठेवा. दिव्याचे तास संपले की बदला, स्वस्तातला नकली नको. फुटलाच तर खिडक्या उघडा आणि पोरांना बाहेर न्या. आणि कुठलाही प्रोजेक्टर बंद खोक्यात कोंडू नका, त्यालाही श्वास लागतो.

मला माहितीये, आता कुणीतरी म्हणणार, "इतका विचार करायला लागलं तर जगणंच नको. आमच्याकडे सहा वर्षं लटकतोय, काही झालं नाही." बरोबर आहे. बंड्याकडेही सव्वीस दिवस काही झालं नव्हतं. 'अजून काही झालं नाही' हे टेस्टिंग नव्हे, हे नशीब. दुसरे म्हणतील, भाड्याचं घर आहे, मालक ड्रिल मारू देत नाही. मग टांगूच नका ना! मागच्या भिंतीशी एक भक्कम कपाट ठेवा, त्यावर प्रोजेक्टर ठेवा. चित्र चार इंच वाकडं दिसेल, मेनूतून सरळ करता येतं. पोराचं डोकं मेनूतून सरळ करता येत नाही.

असो, फार झालं. बंड्याने नवा प्रोजेक्टर घेतला. आता तो स्लॅबला आहे, साखळीसकट, आणि काम होईपर्यंत तो स्वतः शिडी धरून उभा होता. त्याची पोरगी अजूनही मधल्याच गादीवर लोळते.

तुमच्याकडे वर प्रोजेक्टर असेल तर आज शनिवार आहे, वेळ आहे. शिडीवर चढा, माउंट धरा आणि हलवून बघा. जरा जरी हलला तर आज रात्रीचा पिक्चर लॅपटॉपवर बघा.